विकतचा कॉर्नर

2018 च्या मे महिन्यात प्रो कबड्डीच्या लिलावात यू मुंबानं फजल अत्राचली या इराणी खेळाडूसाठी एक कोटी रुपये मोजले आणि माझं डोकं फिरलं. कोटीच्या घरात गेलेला तो पहिलाच कबड्डीपटू. त्याच लिलावात हरियाणा स्टीलर्सनं मोनू गोयतला 1 कोटी 51 लाखांना घेतलं, राहुल चौधरी 1 कोटी 29 लाखांना गेला. पण ते चढाईचे गडी. चढाईवाल्याला पैसा मिळतो, टाळ्या मिळतात, पेपरात नाव येतं, हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फजल डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा. लेफ्ट कॉर्नर. निम्मा सामना त्याचं काम वाट बघायचं. वाट बघणाऱ्याला कोटी मिळतात म्हटल्यावर मला साक्षात्कार झाला: आपण दरवर्षी उपांत्यपूर्व फेरीत का हरतो, तर आपल्याकडे कॉर्नर नाही म्हणून.

कॉर्नर होता. पण त्याबद्दल पुढे सांगतो.

मी एका हायस्कुलात खेळाचा शिक्षक होतो. संध्याकाळी गावच्या मंडळाची पोरं खेळवायचो. गाव शेवगाव तालुक्यातलं, पाथर्डीच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात गावाचा दोष नव्हता. आमच्याकडे कबड्डीचा हंगाम गणपतीत तोंड वर काढतो, दसरा-दिवाळीला रंगतो आणि मग जत्रांच्या मागे मागे उन्हाळ्यापर्यंत फिरतो. मध्येच जिल्ह्याची निवड चाचणी येते. नगर जिल्ह्यात कबड्डी तशी जुनी, गावागावांत मुरलेली. प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी मंडळं अशी असतात की त्यांचं नाव ड्रॉमध्ये समोर आलं की आपल्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

त्या वर्षी आमच्याकडे एक गोष्ट नवीन होती: पैसे. फार नव्हते, पण होते. मॅटसाठी वर्गणी जमवली होती. स्पर्धा एकामागून एक मॅटवर जाऊ लागल्या होत्या आणि आमची पोरं शाळेमागच्या मातीत घडलेली. मातीवर पाय सरकतो, मॅटवर धरतो. मातीत ज्याचा घोटा धरला तो निम्मा आपोआप खाली येतो. मॅटवर बूट घातलेला गडी त्याच घोट्याच्या जोरावर तुम्हाला रेषेपर्यंत ओढत नेतो. एवढं सगळं मला कळत होतं. गावात घरोघर फिरून मीच ते लोकांना समजावून सांगितलं होतं आणि पावत्या फाडल्या होत्या. वापरलेली मॅट पुण्याकडून मिळणार होती, बोलणं झालं होतं.

ते पैसे मी कॉर्नरवर खर्च केले.

हा कॉर्नर राहुरीकडचा. पस्तिशी ओलांडलेला, दूध संकलनाची गाडी चालवणारा, जिल्ह्यात नाव असलेला गडी. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. माझ्याहून वयानं लहान, तरी मीही अण्णाच म्हणायचो. त्यांच्या मंडळाला चढाईसाठी एक तरणा पोरगा हवा होता आणि आमच्याकडे दोन होते. पांढरीच्या पुलाजवळच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. भजी आली, चहा आला, त्यांचे दोघे, आमचे दोघे. आमचा दुसऱ्या नंबरचा चढाईवाला त्यांना, त्यांचा कॉर्नर आम्हाला, आणि वर अण्णांचं हंगामाचं मानधन आमच्याकडून. ना हरकत पत्राचे कागद दोन्ही बाजूंनी व्हायचे होते ते झाले. तारीख 15 जुलै होती, म्हणजे बुवा साळवींचा जन्मदिवस, कबड्डी दिन. सकाळी शाळेत बुवांच्या फोटोला हार घालून, खेळ गावोगाव पोचवण्यासाठी त्यांनी किती पायपीट केली यावर पोरांपुढे भाषण करून मी दुपारी हा सौदा करायला गेलो होतो. तेव्हा त्यात काही विसंगत वाटलं नाही.

ज्या पोराला आम्ही दिलं त्याला मी आधी विचारलं नव्हतं. निरोप पाठवला. त्याचं पुढे चांगलं झालं, खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागला, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. मला त्या नमस्काराची भीती वाटते.

हॉटेलात अण्णांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, पेट्रोल वेगळं द्यायचं, कारण सरावाला राहुरीकडून मोटारसायकलवर यायचं म्हणजे आख्खी संध्याकाळ जाते. ते मी लगेच कबूल केलं. दुसरी गोष्ट त्यांनी भजी खात, माझ्याकडे न बघता सांगितली.

"सर, माझा हात कुणाच्या हातात द्यायचा ते मी ठरवीन."

मी हसलो. बाकीचेही हसले. कबड्डी न खेळलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काय, ते कळायचं नाही. सात जणांचा बचाव उभा राहतो तो साखळीनं. कोपऱ्यातल्या गड्याच्या शेजारी 'इन' असतो, त्याच्या पलीकडे 'कव्हर'. कॉर्नर आणि इन एकमेकांचा हात धरून पुढे-मागे सरकत असतात. चढाईवाला बोनस रेषेवर पाय टाकायला गेला की कॉर्नर त्याच्या घोट्यात जातो, आणि ज्या क्षणी जातो त्याच क्षणी त्याचा हात सुटलेला असतो. तिथून पुढे सगळं शेजाऱ्यावर. इननं अंगावर पडायचं, कव्हरनं मध्यरेषेची वाट अडवायची. याला अर्धा सेकंदही मिळत नाही. घोटा कॉर्नरचा, पण पकड तिघांची. कधी झेपावणार हे इनला त्या हाताच्या दाबावरून कळायला लागतं. बोलून सांगायला वेळ नसतो, आणि ओरडलात तर चढाईवालाही ऐकतो.

हे मी पोरांना शिकवत होतो. तरी अण्णांचं म्हणणं मला नखरा वाटलं. मोठ्या खेळाडूचे लाड. मी म्हणालो, "बघू."

अण्णांनी सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी बारक्याला निवडलं. बारक्या म्हणजे आमचा आधीचा कॉर्नर. पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबातला, अंगानं किरकोळ, पण नजर अशी की चढाईवाल्याच्या पायाऐवजी त्याच्या कमरेकडे बघायचा. मी त्याला हे कधी शिकवलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "याला इनला आणा, दोन महिन्यांत याचा-माझा हात बसंल." मी सांगितलं की इनची जागा भरलेली आहे. ती भरलेली होती खरी. मॅटच्या वर्गणीतला सगळ्यात मोठा आकडा ज्यांचा, त्यांचा भाचा तिथे खेळत होता. भाचा वाईट नव्हता. दिसायला उंचापुरा, छाती रुंद, फोटोत उठून दिसायचा. त्याला हात धरायला आवडत नसे, एवढंच. साखळीत उभा असताना त्याचा हात सैल असायचा आणि नजर प्रेक्षकांत. पण त्याच्या मामाच्या पैशांनी आणलेला कॉर्नर त्याच्याच शेजारी उभा करायचा नाही, हे मला कुणाला तोंड वर करून सांगता आलं नसतं.

माझे वडील घोडेगावच्या बाजारातून बैल आणायचे. आणलेला बैल त्यांनी घरच्या बैलाशेजारी चालवून बघितल्याशिवाय कधी जू टाकलं नाही, आणि दोघांचं पाऊल जुळलं नाही तर पुढच्या आठवड्यात तोटा सोसून परत विकला. मी लहानपणी दोर धरून त्यांच्याबरोबर उभा असायचो. त्या बाजारात मी काय शिकलो म्हणाल, तर दात बघायला शिकलो.

अण्णांचे दात मी बघितले. म्हणजे वजन बघितलं. वरिष्ठ गटाला 85 किलोची मर्यादा आणि अण्णा काट्यावर कधी वर, कधी खाली. त्यामुळे आमची सगळी चिंता तिथे लागली. स्पर्धेच्या आदल्या रात्री जेवण बंद, सकाळी स्वेटर घालून धावणं, काट्यावर उभं राहताना खिशातला रुमालसुद्धा काढून ठेवणं. वजन भरलं की आम्ही जिंकल्यासारखे टाळ्या वाजवायचो.

बारक्या त्या दिवसांत राखीव बाकावर बसायला लागला. कुरकुर केली नाही. पाण्याच्या बाटल्या भरायचा.

माझ्याकडे एक वही होती. टीव्हीवरची कबड्डी बघून मीही आकडे ठेवायला लागलो होतो. प्रत्येक गड्याच्या नावापुढे चढाई, बोनस, पकड असे रकाने. गणपतीतल्या स्पर्धांत अण्णांच्या नावापुढे पकडींच्या रेघा पडत गेल्या. नवीन गडी म्हणून समोरचे चढाईवाले त्यांच्या बाजूला जायचे, घोटा द्यायचे आणि मातीत लोळायचे. त्या स्पर्धा मातीवरच्या होत्या. लोक पारावर मला बोलावून चहा पाजायला लागले. ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांना वाटलं, मॅटपेक्षा हे बरं झालं. मलाही वाटलं.

मग रेघा थांबल्या. नवरात्रात दोन सामने झाले आणि अण्णांच्या रकान्यात एखादीच रेघ, ती पण ओढूनताणून. मी रात्री वही काढून बसलो आणि निष्कर्ष काढला की गडी संपला. पस्तिशीनंतर पाय मंदावतो, आपण जुना माल घेतला.

आता वाटतं, त्या वहीत एक रकाना हवा होता: चढाईवाला कोणत्या बाजूला गेलाच नाही. अण्णांचा घोटा जिल्हाभर माहीत झाला होता आणि चढाईवाल्यांनी आमचा डावा कोपरा सोडून दिला होता. तिकडचा बोनस कुणी मागत नव्हतं. मैदानाचा तिसरा हिस्सा अण्णांनी नुसतं उभं राहून मिटवला होता. राहिलेल्या जागेत चढाईवाले घुसत होते आणि सगळ्यात जास्त बाद होत होता तो भाचा. त्याच्या नावापुढे मात्र पकडीच्या रेघा होत्या, कारण लोक त्याच्या अंगावर येत होते आणि पाचातला एखादा सापडत होता. वही सांगत होती, भाचा चांगला खेळतोय आणि अण्णा बसले आहेत. मी खेळाचा शिक्षक. बी.पी.एड. झालेला.

दसरा झाला. दसऱ्यानंतर आमच्या भागातून ट्रक भरून माणसं कारखान्यांवर जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत. आदल्या दोन्ही वर्षी मी बारक्याच्या वडिलांकडे जाऊन बसलो होतो. पोराला ठेवा, तो जिल्ह्याच्या संघात जाईल, त्याच्या जेवणाचं मी बघतो. आणि बघितलंही होतं. त्या वर्षी गेलो नाही. मुद्दाम टाळलं असं नाही. दिवाळीतल्या स्पर्धेची तयारी होती, अण्णांचं वजन होतं, आणि बाकावरच्या पोरासाठी एवढ्या लांब जायला मनानं घेतलं नाही. एका संध्याकाळी तो सरावाला आला नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ते लोक परवाच गेले.

दिवाळीतली ती स्पर्धा एका तालुक्याच्या गावी होती. विजेची रोषणाई, लाऊडस्पीकर, आमदार येऊन गेलेले, आणि मॅट. आम्ही उपांत्य फेरीत पोचलो. तिथे कसे पोचलो ते सांगत नाही, त्यात माझं काही नव्हतं. सामन्याची शेवटची पाच मिनिटं राहिली आणि आम्ही तीन गुणांनी मागे. मैदानात आमचे पाच. समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणजे आता तिसरी. गुण घेतला नाही तर चढाईवालाच बाद. अशा वेळी बचावानं काय करायचं? काही करायचं नाही. गरज त्याची आहे, येऊ द्यायचं. मी वेळ मागून घेतली.

पोरं घामानं निथळत भोवती उभी राहिली. मी वही हातात धरून होतो. म्हणालो, "अण्णा, दोन सामने झाले. तुमच्या नावापुढं काही नाही."

अण्णा म्हणाले, "सर, तो माझ्याकडं येतच नाही. येत नाही तेवढंच आपलं काम."

मी म्हणालो, "मग तुम्ही त्याच्याकडं जा."

हे वाक्य मी एवढ्या मोठ्यानं बोललो की दोरीच्या पलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकाला टाळ्या फार क्वचित मिळतात.

अण्णा गेले. चढाईवाला मध्यावर होता, अजून निदान रेषेच्या आसपास पाय चाचपत. कोपरा सोडून दोन पावलं पुढे येऊन अण्णा झेपावले आणि त्याच्या घोट्याला मिठी मारली. सुंदर पकड होती. मिठी बसली आणि शेजारचा जागचा हलला नाही. घाबरला म्हणून नाही. त्याला कळलंच नाही की अण्णा निघाले, कारण त्याच्या हातात अण्णांचा हात नव्हताच. चढाईवाल्याच्या अंगावर कुणी नाही, पायात मॅटचे बूट. तो कमरेत फिरला आणि अण्णांना घेऊन मध्यरेषेकडे निघाला. अण्णांचा पाय मॅटवर रुतून राहिला, अंग फिरलं. आवाज आला असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. मला आठवतं ते हे, की चढाईवाला रेषेवर हात टेकून उठला, मागे वळून त्यानं अण्णांकडे बघितलं आणि आपला जल्लोष अर्धवट सोडून दिला.

आम्ही किती गुणांनी हरलो ते वहीत आहे.

गुडघ्याचे सांधेबंध तुटले होते. नगरला नेलं, शस्त्रक्रिया सांगितली. मंडळानं विमा उतरवलेला नव्हता. म्हणजे मीच उतरवला नव्हता, मंडळ म्हणजे अशा कामांत मीच होतो. मॅटचे पैसे मानधनात आणि पेट्रोलमध्ये गेलेले. पुन्हा त्याच घरांत वर्गणीला गेलो, या वेळी पावतीपुस्तक न घेता. काहींनी दिले. ज्यांचा भाचा होता त्यांनी सगळ्यात जास्त दिले आणि एक अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतकी वर्षं जे होतं ते त्या दिवशी उतरलं. खरं सांगायचं तर त्यांनी भाच्यासाठी कधी शब्द टाकलाच नव्हता. त्यांना वाईट वाटेल, हे माझं मीच ठरवून बसलो होतो.

अण्णांची दुधाची गाडी त्यांच्या मेव्हण्यानं पुढचे बरेच महिने चालवली. पुढे अण्णा गाडीवर बसले, पण मैदानात परत आले नाहीत.

त्याच हंगामात टीव्हीवर जे चाललं होतं ते मी खाली मान घालून बघितलं. फजलचा यू मुंबा संघ चांगला खेळला, पण बाद फेरीत पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरून बाहेर पडला. आणि यूपी योद्धाचा कॉर्नर कोण, तर नितेश कुमार नावाचा कोवळा पोरगा, ज्यानं त्या हंगामात पकडीचे 100 गुण पुरे केले. प्रो कबड्डीच्या एका हंगामात असं पहिल्यांदाच घडलं. कोटीचा कॉर्नर घरी आणि बिनकोटीचा पुढे. यावरून मी लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन नवा सिद्धांत बांधला की जुना गडी आणूच नये. तोही चुकीचा होता.

कारण उदाहरणं डोळ्यांसमोर होती. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, एक डावा कोपरा, एक उजवा. 2015 साली यू मुंबानं करंडक जिंकला तेव्हा हे दोघे त्यांचे कोपरे होते. पुढच्या वर्षी मोहितला बेंगळुरूनं 53 लाखांना उचललं, ती त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली, नाडाही बेंगळुरूलाच. 2017 ला हरियाणा स्टीलर्सचा नवा संघ निघाला, तर दोघेही तिकडे. कोट्यवधींचे हिशेब करणाऱ्या लोकांना जे कळत होतं तेच अण्णा मला पांढरीच्या पुलाजवळ फुकटात सांगत होते.

अमेरिकेतही हे चालतं, असं माझा एक जुना विद्यार्थी सांगतो. तो टेक्सासात असतो. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला वाचवायला पुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी असते. चेंडूशी त्यांचा संबंध जवळजवळ नाही, नाव कुणाला माहीत नाही, आणि त्यातल्या डावीकडच्याला सगळ्यात जास्त पैसे, कारण उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ तिकडे असते. 2019 च्या ऑगस्टअखेर, हंगाम तोंडावर असताना, ह्यूस्टनच्या संघानं मायामीकडून लॅरेमी टनसिल नावाचा असा डावीकडचा गडी आणला आणि बदल्यात इतर गोष्टींबरोबर येणाऱ्या दोन वर्षांतले पहिल्या फेरीत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क देऊन टाकले. पहिल्या वर्षी बरं चाललं. दुसऱ्या वर्षी 16 पैकी 4 सामने जिंकले. गडी चांगलाच होता म्हणे, अजूनही नावाजलेला आहे. मी विद्यार्थ्याला विचारलं, त्याच्या शेजारी कोण उभं होतं? तो म्हणाला, सर, ते कोण लक्षात ठेवतं.

मग आपल्या पुणेरी पलटणचं काय, असं कुणी विचारेल. विचारावं. 2022 ला त्यांनी त्याच फजलला 1 कोटी 38 लाखांना आणून कर्णधार केलं आणि संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेला, जयपूरकडून 33-29 हरला. पुढच्या वर्षी फजल गुजरातकडे गेला. पलटणनं महंमदरेझा शादलू हा दुसरा इराणी 2 कोटी 35 लाखांना आणला, आणि 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 असं हरवून करंडक उचलला. कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्या रात्री आमच्या गावातही फटाके वाजले. म्हणजे विकतचा गडी उपयोगी पडतोच की! पण शादलू आला तेव्हा अबिनेश नादराजन, संकेत सावंत, गौरव खत्री ही पोरं तिथे आधीपासून एकमेकांशेजारी उभी राहात आली होती. साखळी तयार होती, तिला एक कडी जोडली. शादलूला पुढे हरियाणानं नेलं आणि पुढचा करंडक हरियाणाला मिळाला, हेही खरं. कधी कधी मला वाटतं, कडी इतकी भारी असेल तर साखळीचं माझं तत्त्वज्ञान मी माझ्या सोयीसाठी तर रचलं नाही ना? शेवटी ज्यानं हात सोडायला लावला तो मी. भाच्याचा हात घट्ट असता तरी दोन पावलं पुढे गेलेल्या माणसापर्यंत तो पोचला नसता.

बारक्या पुढच्या वर्षी गावात होता. तोवर त्याचं लग्न झालं होतं. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, एक कोयता म्हणून. एकट्या पोराला अर्धीच मिळते, त्यामुळे लग्नं लवकर होतात. मी त्याच्या घरी गेलो. उशीर झाला होता, पण गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा केला. खेळशील का विचारल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल तर येतो दोन-चार दिवस." जाण्याच्या आधीचे दोन-चार दिवस. तो आलाही. इनला उभा राहिला. त्याच्या शेजारचा कॉर्नर नवीन होता आणि बारक्या त्याला चढाई चालू असताना डाव्या हातानं मागे खेचून ठेवत होता. हे त्याला कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही. बाकावर बसून त्यानं अण्णांना बघितलं होतं, मी वहीत बघत होतो.

मॅट आमच्याकडे अजून नाही. शेजारच्या गावी आहे, आठवड्यातून एकदा पोरांना टेम्पोत घालून नेतो. सरावात मी आता एक खेळ घेतो: कॉर्नर आणि इन दोघांचे डोळे रुमालानं बांधायचे, हात हातात, आणि तिसऱ्यानं कॉर्नरच्या खांद्याला कुठेही टिचकी मारायची. टिचकी बसली की इननं त्या बाजूला पडायचं. पोरं खूप हसतात. पहिले पंधरा दिवस नुसती डोकी आपटतात.

मार्च 2024 मध्ये पुरुषांची वरिष्ठ गट राष्ट्रीय स्पर्धा नगरला वाडिया पार्कवर झाली. मी अण्णांना फोन केला. ते आले, गुडघ्यात अजून थोडी अढी आहे, पायऱ्या चढताना कठडा धरतात. सामने बघताना आमची बोलाचाली फार नव्हती. अण्णा चढाईवाल्याकडे बघतच नव्हते. अधूनमधून म्हणायचे, "आता डावीकडं सापडंल," आणि बहुतेक वेळा सापडायचा. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाले, "इनचा अंगठा बघा."

मला अंगठा काही दिसला नाही, आम्ही बरेच वर बसलो होतो. मग इतक्या वर्षांचा जो प्रश्न होता तो मी विचारून टाकला. अण्णा, तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही गेलात का?

"पैसे घेतले होते ना, सर," अण्णा म्हणाले, आणि मला गप्प बसायची खूण केली, कारण तिसरी चढाई चालू झाली होती.